मोगऱ्याचे दिवस

माझ्या धाकट्या बहिणीचं मिरजेत फुलांचं छोटं दुकान आहे. निकाहाचा सेहरा, दर्ग्याची फुलांची चादर, गणपतीचा हार, सगळं तिच्याच हातचं. फूल मात्र आसपासच्या मळ्यातलं आणि त्या-त्या ऋतूचं: दसऱ्याला झेंडू, थंडीत शेवंती, उन्हाळ्यात मोगरा. मोगऱ्याच्या मिटल्या कळ्या सकाळी ओल्या फडक्यात येतात आणि संध्याकाळी सेहऱ्यातच उमलतात.

डिसेंबरात कुणी मोगरा मागितला, की ती शेवंती दाखवते. गिऱ्हाईक कधी मानतं, कधी कापडी सेहरा विकत घेतं. (तो म्हणे धाकट्या भावालाही चालतो!) मी सुचवलं, "थोडे ऑर्किड ठेव, बारा महिने खपतील." ती म्हणाली, "भाई, मग मळेवाल्याची शेवंती कोण घेणार?"