नंबर तिचा, परवानगीही तिचीच



आज हिंजवडीत जमलोय, उद्या फोटो आणि फोन नंबर ग्रुपवरून फिरतील. मैत्रिणीचा नंबर पुढे देण्याआधी तिला विचारा, एवढीच विनंती.

ती नको म्हणत असताना मेसेज करत राहणं, तिच्या इंटरनेट वापरावर पाळत ठेवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ नुसार गुन्हा आहे. पहिल्यांदा तीन वर्षांपर्यंत कैद. सहकारी स्त्रीला अश्लील ई-मेल पाठवणाऱ्याला मुंबईच्या न्यायालयाने २०१५ साली शिक्षा दिली. म्हणून लेकींना सांगा: मेसेज पुसू नका, स्क्रीनशॉट ठेवा, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करा.

आणि आपण? "फोटो टाकलासच कशाला?" असं विचारू नका. त्या प्रश्नानेच ती गप्प बसते.