सावलीतील कॉफी



इराणी चहाच्या या हैदराबादेत, मलकपेठेत, कॉफीचे महत्त्व सांगणे धाडसाचेच! परंतु विशाखापट्टणमनजीकच्या अराकू खोऱ्याचा अनुभव बोधप्रद आहे. तेथील आदिवासी डोंगरउतारावरील रान तोडून, जाळून ‘पोडू’ शेती करीत. पावसाने माती वाहून जाई. काही वर्षांतच नवे रान तोडावे लागे. कॉफीने हा क्रम पालटू लागला. अरेबिका कॉफीच्या झुडपाला सावली मानवते. म्हणून सिल्व्हर ओकची झाडे वाढविली गेली, त्यांच्या खोडांवर मिरीचे वेल चढले, पालापाचोळ्याने माती धरून ठेवली. २०१९ साली या कॉफीस भौगोलिक मानांकन लाभले.

तथापि पिकलेल्या फळांचा भाव दलालानेच ठरविला, तर गरजू शेतकरी पुन्हा कुऱ्हाड उचलील. फळ सोलणे, धुणे, वाळविणे ही कामे सहकाराने गावातच व्हावीत. मोबदला शेतकऱ्याच्या घरी पोहोचला, तरच डोंगरावरील सावली टिकेल.