ब्रेकचें तेल आणि घाटाची उतरण



आज मी ज्या विषयावर बोलणार आहें, तो प्रथमदर्शनीं केवळ मिस्त्री लोकांचा वाटेल. पिकअप या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या लहान मालमोटारींचे ब्रेक कां निकामी होतात, हा तो विषय होय. शिकल्यासवरल्या शहरी कुटुंबांस त्याच्याशीं काय कर्तव्य, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर आपल्या स्वयंपाकघरांतच आहे. मुंबईच्या घरीं सकाळीं जी कोथिंबीर निवडली जाते, ती पुष्कळदां आदल्या सायंकाळीं नाशिकच्या बाजारांत लिलावानें विकली गेलेली असते. पिंपळगांव बसवंतचे टोमॅटो, दिंडोरीकडचीं द्राक्षें, आसपासच्या खेड्यांतील मेथी आणि शेपू, हा सारा नाशवंत माल रात्रीच्या रात्रीं वाशीच्या बाजारांत पोहोंचवावा लागतो. आणि त्यांतील बराचसा भार या पिकअपगाड्याच वाहतात.

नाशिक सह्याद्रीच्या पठारावर आहे. म्हणून नाशिकहून मुंबईस जाणें म्हणजे उतरणें. इगतपुरी समुद्रसपाटीपासून सुमारें ६०० मीटर उंचीवर आहे. तेथून कसाऱ्याचा घाट सुरू होतो. ५ जून २०२५ रोजीं समृद्धि महामार्गाचा इगतपुरी ते आमणें हा अखेरचा टप्पा खुला झाला व डोंगरांतून सुमारें आठ किलोमीटरांचा बोगदा वाहतुकीस मिळाला. परंतु रस्ता कोणताही घेतला, तरी सह्याद्रीची उंची कांहीं कमी होत नाहीं. ती उतरावीच लागते, आणि उतरतांना गाडीचा सारा वेग ब्रेकांच्या स्वाधीन असतो.

आतां हे ब्रेक चालतात तरी कसे? सतराव्या शतकांत पास्कल नांवाच्या फ्रेंच शास्त्रज्ञानें सांगितलेला एक नियम शाळेच्या पुस्तकांत असतो. कोंडलेल्या द्रवावर एके ठिकाणीं दाब दिला, तर तो सर्व दिशांस सारखाच पोहोंचतो. मी हा नियम मुलांस दोन पिचकाऱ्यांनीं दाखवीत असें. दोन पिचकाऱ्या पाण्यानें भरून रबरी नळीनें जोडावयाच्या. एकीचा दट्ट्या दाबला कीं दुसरीचा तत्क्षणीं वर येतो. मात्र नळींत हवेचा एक बुडबुडा शिरला, तर पहिला दट्ट्या खुशाल खालीं जातो आणि दुसरा जागचा हालत नाहीं. कारण हवा दबते, पाणी दबत नाहीं. ब्रेकचें सारें शास्त्र या एका खेळण्यांत आहे. चालकाचा पाय म्हणजे पहिला दट्ट्या, चाकाजवळचा ब्रेक म्हणजे दुसरा. आणि मधली नळी म्हणजे गाडीच्या पोटाखालून गेलेला, करंगळीहूनही बारीक असा लोखंडी पाइप. त्यांतील मूठभर तेलावर दीड टन मालाचें आणि आंत बसलेल्या माणसांचें जीवित अवलंबून असतें.

येथें रेल्वेशीं तुलना करून पाहण्यासारखी आहे. याच घाटांतून लोहमार्ग गेला आहे, आणि त्याचा चढ सदतिसास एक इतका तीव्र आहे. म्हणून चढतांना गाडीस मागून जादा इंजिनें लावावी लागतात. वेस्टिंगहाउस या अमेरिकन संशोधकानें १८७२ सालीं आगगाडीसाठीं आपोआप लागणारा हवेचा ब्रेक तयार केला. त्याची रचना अशी कीं, नळींतील हवेचा दाब कमी झाला कीं ब्रेक आपण होऊन लागतात. अर्थात् नळी फुटली, तर आगगाडी थांबते. पिकअपच्या तेलाच्या ब्रेकांत नेमकें उलट आहे. तेथें नळी फुटली, तर गाडी थांबत नाहीं.

हा दोष संशोधकांच्या ध्यानांत आला नाहीं असें नव्हे. म्हणूनच हल्लींच्या गाड्यांत तेलाचे दोन स्वतंत्र मार्ग ठेवलेले असतात. एक गळाला, तर दुसरा निम्मी शक्ति तरी राखतो. योजना उत्तम खरी. परंतु मनुष्यस्वभावापुढें तिचाही इलाज चालत नाहीं. सपाट रस्त्यावर निम्म्या ब्रेकांवरही गाडी थांबते. पेडल थोडें अधिक खालीं गेलें, एवढेंच चालकास जाणवतें. तो म्हणतो, "चाललंय ना, उद्यां पाहूं." आणि तो उद्यां घाटांत उगवतो.

गळती कोठें होते, तेंही सांगतों. पेडलाजवळच्या मास्टर सिलिंडरांतील रबर झिजतें. मग पाय दाबून धरला असतां पेडल हळूहळू खालीं खचूं लागतें. पुढचीं चाकें वळतात, म्हणून तेथें रबरी होज पाइप असतो. त्यास वर्षानुवर्षें वळून वळून भेगा पडतात. गाडीखालचा लोखंडी पाइप चिखल, पाणी आणि उडणारी खडी यांनीं गंजतो. मागच्या चाकाच्या ड्रमांत तेल पाझरलें, तर घर्षणाचें लायनरच तेलकट होतें आणि ब्रेक दाबतांच गाडी एका बाजूस ओढूं लागते. बाहेरून पाहणारास टायरच्या आंतल्या अंगावर ओला डाग तेवढा दिसतो.

दुसरा एक प्रकार गळतीहूनही फसवा आहे. ब्रेकचें तेल हवेंतील ओलावा शोषून घेतें. डॉट तीन या नेहमींच्या जातीचें ताजें तेल २०५ अंश सेल्सियसच्या आधीं उकळूं नये, असा दंडक आहे. पण तेंच तेल पावणेचार टक्क्यांच्या सुमारास पाणी प्यालें, तर हा आंकडा १४० वर येतो. घाटांत सतत ब्रेक दाबून चाकें तापलीं कीं हें जुनें तेल उकळतें, नळींत वाफ होते, आणि वाफ दबते. पिचकारींतला तो बुडबुडा आठवा! पाय पार तळाशीं जातो. खालीं पोहोंचून गाडी निवली कीं वाफेचें पुनः तेल होतें, आणि मिस्त्रीस कांहींच दोष सांपडत नाहीं. म्हणून तेल गळो वा न गळो, तें सुमारें दोन वर्षांनीं बदलावें, असें जाणते मिस्त्री सांगतात.

यांत माणसाच्या हातून होणारे अपराध तीन. पहिला, तेल कमी दिसलें कीं वरून ओतून मोकळें होणें. ब्रेकचे पॅड झिजतात तशी तेलाची पातळी अल्पशी उतरते, हें खरें. परंतु महिन्यांत दोनदां ओतावें लागलें, तर तें कोठेंतरी जात आहे, हें उघड आहे. ओतणें म्हणजे दुरुस्ती नव्हे. त्यांतही अडीअडचणीस कोणी इंजिनाचें ऑइल ओततो. त्यानें आंतलीं रबरें फुगतात आणि उरलासुरला ब्रेकही जातो. दुसरा अपराध, गळका पाइप चेपून बंद करणें व तीन चाकांच्या ब्रेकांवर धंदा चालूं ठेवणें. तिसरा, डिझेल वांचविण्यासाठीं उतारावर गाडी न्यूट्रलमध्यें टाकणें अथवा इंजिनच बंद करणें. चालत्या इंजिनाच्या ओढीनें गाडी आवरली जाते, आणि पायास साहाय्य करणारा बूस्टरही इंजिनावरच चालतो. इंजिन बंद म्हणजे दोन्ही आधार गेले. २० नोव्हेंबर २०२२ रोजीं पुण्याच्या नवले पुलाजवळ एका अवजड मालमोटारीनें उतारावर अनेक वाहनांस धडक दिली. आरंभीं ब्रेक निकामी झाल्याची वार्ता पसरली. पुढें तपासांत पोलिसांनीं सांगितलें कीं, चालकानें इंधन वांचविण्यासाठीं इंजिन बंद केलें होतें.

४ जुलै २०२३ रोजीं आमच्याच मुंबई-आग्रा महामार्गावर, धुळें जिल्ह्यांतील पळासनेर येथें, अशीच एक अवजड गाडी वाहनांस धडकून रस्त्याकाठच्या हॉटेलांत शिरली. निदान दहा माणसें प्राणांस मुकलीं. तेव्हांही वृत्तपत्रांत तेच शब्द छापून आले, "ब्रेक फेल." वीज पडावी तसा ब्रेक अकस्मात् गेला, असा भास या दोन शब्दांनीं होतो. एखाद्या अपघातांत खरोखर काय घडलें, तें तपास करणारांनींच सांगावें. परंतु सामान्यतः तेलाचा ब्रेक अकस्मात् जात नाहीं. तो आधीं सूचना देतो. पेडल मऊ लागतें, तेलाची पातळी उतरते, चाकाशीं ओल दिसते, समोरचा तांबडा दिवा लागतो. ही नोटीस लेखी नसते, इतकेंच.

मग ती वाचली कां जात नाहीं? चालक निष्काळजी असतो, हें उत्तर सोपें आहे, पुरतें नाहीं. माझा एक जुना विद्यार्थी पिकअप चालवितो. तो म्हणाला, "गुरुजी, गाडी गॅरेजला लावली तर त्या दिवसाचं भाडं जातं, आणि माल उशिरा पोहोंचला तर भाव पडतो. हप्ता मात्र थांबत नाहीं." शासनाचें योग्यतेचें प्रमाणपत्र मालवाहू गाडीस पहिलीं आठ वर्षें दर दोन वर्षांनीं आणि त्यापुढें दर वर्षीं घ्यावें लागतें. परंतु तें त्या दिवसाची साक्ष देतें. दुसऱ्या दिवशीं फुटलेल्या पाइपाची नव्हे. ती साक्ष मालकानें आणि चालकानेंच रोज काढावयाची असते. त्यास दोन मिनिटें पुरतात. तेलाची पातळी पाहावी, चाकांच्या आंतल्या बाजूस हात फिरवावा, इंजिन सुरू करून पेडल अर्धा मिनिट दाबून धरावें. तें खचलें, तर त्या रात्रीं घाट उतरूं नये.

आणि इतकें करूनही वाटेंत प्रसंग ओढवलाच, तर इंजिन बंद करूं नये. पेडल भराभर दाबून सोडावें. उरलेलें तेल कांहीं दाब धरतें. एकेक गिअर खालीं आणावा. हँडब्रेकची तार तेलाहून निराळी असते, म्हणून तो बेतानें ओढावा. हॉर्न व दिवे चालूं ठेवून गाडी दरीकडे नव्हे, तर डोंगराच्या अंगास न्यावी. पत्रा चेपला तर पुनः सरळ होतो.

शेवटीं आपणां श्रोत्यांस एक विनंति आहे. घर बदलण्यासाठीं, लग्नाचें सामान नेण्यासाठीं आपणही कधीं पिकअप भाड्यानें घेतां. तेव्हां दोनशें रुपयांची घासाघीस करतांना आणि "किती वाजेपर्यंत पोहोंचवशील?" असें दरडावतांना, "ब्रेक केव्हां पाहिलेस?" एवढेंही विचारावें. माल भरल्यावर मागें माणसें बसवूं नयेत. गाडी दुरुस्तीमुळें दोन तास उशिरा आली, तर चालकाचे पैसे कापूं नयेत. त्या दोन तासांत त्यानें कोणाचें तरी आयुष्य राखलेलें असतें. रात्रीं घाट उतरणाऱ्या त्या मनुष्याच्या पायाखालीं तेल पुरेसें असावें, याची थोडीशी जबाबदारी सकाळीं ताजी भाजी मागणाऱ्या आपणां सर्वांकडेही येते.