दुसरी सीडी लावेपर्यंत

जुने कौटुंबिक चित्रपट घरी कसे बघावेत, यावर आज बोलायचंय. कॅमेरा, संकलन वगैरे जाणकारांवर सोडतो. मला आपली 'श्यामची आई' आठवते.

आचार्य अत्र्यांचा हा १९५३चा चित्रपट. राष्ट्रीय पुरस्कार सुरू झाले आणि पहिल्याच वर्षी राष्ट्रपतींचं सुवर्णपदक त्याला मिळालं. आमच्या घरी मात्र तो आला व्हीसीडीवर. एका तबकडीत जेमतेम सव्वा तास मावायचा, म्हणून चित्रपटाचे तुकडे. कोपऱ्यात सीडीवाल्याचा शिक्का. तेही चालवून घेतलं.

चालवून घेत नाही ते एकच. जुन्या चित्रपटाची चौकट चौकोनाकडे झुकणारी, साधारण चारास तीन. आपले टीव्ही आता आडवे, सोळास नऊ. पडदा रिकामा दिसू नये म्हणून आपण चित्र ताणतो. 'सिकंदर'मधली देखणी नायिका वनमालाबाई इथे साधं लुगडं नेसून उभी राहते, आणि आपण तिचे गाल भाकरीसारखे थापतो! रिमोट घ्या, चित्राचा आकार ४:३ करा. दोन्हीकडे काळ्या पट्ट्या येतील, येऊ द्या. टीव्हीचे तेवढे पैसे वाया गेले असं मानू नका.

आणि कान द्या. वसंत देसाईंचं संगीत कुठे वाजतं हे सगळेच ऐकतात. ते कुठे गप्प बसतं तेही ऐका. आई रागावते तेव्हा तिचा आवाज चढतो की खाली येतो?

हे मला शिकवलं ते शेजारच्या अव्वांनी. आम्ही सोलापूरच्या पूर्व भागात राहायचो. भिंतीपलीकडे त्यांचा माग. घरात तेलुगू, मराठी बाजारापुरतं. एका दुपारी आमच्याकडे सीडी लागली आणि थोड्या वेळानं मागाची खडखड थांबली. अव्वा दारात येऊन बसल्या. डोळे अधू, पडद्याकडे बघतही नव्हत्या. पदर मात्र डोळ्यांना.

पहिली तबकडी संपली, पडदा निळा झाला. दुसरी सापडेना. आम्ही पोरं कपाट उपसत होतो, बडबडत होतो. अव्वांनी नुसता हात वर केला. आम्ही गप्प झालो. सीडी सापडून, लागून, चित्र येईपर्यंत तो हात खाली आला नाही.