सूर तेच, चालणं वेगळं
(१९९५ च्या दहावीच्या बॅचच्या स्नेहमेळाव्यात केलेलं मनोगत)



संयोजकांनी मला सांगितलं होतं, ‘तू सॉफ्टवेअरमधली, कृत्रिम बुद्धिमत्तेवर बोल.’ पण समोर आपल्या गाण्याच्या बाई बसल्यात. त्यांच्यासमोर मी संगणकावर बोलले तर त्या मला बाकावर उभं करतील. म्हणून आज मी सवाईबद्दल बोलणार आहे.

आपल्या शाळेपासून रमणबाग चालत दहा मिनिटांवर. डिसेंबर आला की मैदानावर मांडव पडायचा आणि शाळेतून घरी जाताना आपण मुद्दाम त्या रस्त्याने जायचो. बाबा मला पहिल्यांदा घेऊन गेले तेव्हा मी सहावीत होते. सतरंजी, दोन शाली, थर्मास, आईने दिलेल्या दशम्या आणि माझी माकडटोपी एवढा सरंजाम. तेव्हा शेवटची रात्र संपायचीच नाही. मी मध्यरात्री बाबांच्या मांडीवर झोपून जायचे आणि त्यांनी हलवून उठवलं की उजाडलेलं असायचं, आणि पंडित भीमसेन जोशी गायला बसलेले असायचे. मला राग कळायचा नाही. ‘बाबा, हे काय चाललंय?’ असं मी विचारायचे आणि ते कानाशी येऊन रागाचं नाव सांगायचे. माझं संगीतशिक्षण एवढंच. माझ्या बाकावरची मैत्रीण दोन वर्षं आमच्या सतरंजीवर होती. ती आज सिंगापूरहून आली आहे आणि मला खुणेने ‘पुरे’ म्हणते आहे.

भीमसेनजींनी हा महोत्सव १९५३ साली सुरू केला, आपले गुरू सवाई गंधर्व यांच्या स्मरणार्थ. शिष्याने गुरूसाठी केलेलं ते वर्षश्राद्धच होतं म्हणा ना. त्याला गावोगावचे लोक येऊ लागले. पण तो कायम एकसारखा कधीच राहिला नाही. ध्वनिप्रदूषणाचे नियम आले आणि रात्रभराचं गाणं गेलं. दहाच्या आत आटपायचं म्हटल्यावर मध्यरात्रीचे दरबारी, मालकंस ऐकायचे कधी? स्वाइन फ्लूमुळे २००९ चा महोत्सव जानेवारी २०१० मध्ये झाला. अवकाळी पावसामुळे २०१४ चा जानेवारी २०१५ मध्ये गेला. २०११ साली भीमसेनजी गेले. २०१८ मध्ये रमणबाग सुटली आणि महोत्सव मुकुंदनगरला महाराष्ट्रीय मंडळाच्या मैदानावर गेला. दर वेळी पेठेत एकच वाक्य ऐकू यायचं, ‘आता ते सवाई राहिलं नाही.’ हे म्हणणारे पुढच्या डिसेंबरात तिकिटाच्या रांगेत पुढे असायचे, ही गोष्ट वेगळी.

आता माझी चूक सांगते. २०१९ साली बाबांनी तिकिटं काढून ठेवली होती, दोघांची. त्याच आठवड्यात आमच्या ऑफिसात एक रिलीज होतं. मी म्हटलं, ‘बाबा, या वर्षी तुम्ही जा. पुढच्या वर्षी आपण पाचही दिवस जाऊ.’ ते एकटे गेले, दुसऱ्याच दिवशी कंटाळून परत आले. त्या रिलीजमध्ये काय होतं, ते मला आज आठवतही नाही.

पुढच्या वर्षी, म्हणजे २०२० मध्ये, करोनामुळे महोत्सव झाला नाही. २०२१ चा डिसेंबरही कोरडा गेला. भीमसेनजींच्या जन्मशताब्दीचं ते वर्ष. मैदान रिकामं. आणि घरात बसलेल्या त्या काळात बाबांना ऐकू येणं हळूहळू कमी झालं. सगळे मास्क लावून बोलत होते, त्यामुळे आमच्या उशिरा लक्षात आलं. टीव्हीचा आवाज वाढत गेला, रेडिओ मात्र बंद झाला. तो का बंद झाला, हे आम्ही कुणीच विचारलं नाही.

२०२२ च्या डिसेंबरात, १४ ते १८, महोत्सव पुन्हा होणार असं जाहीर झालं. मी धावत घरी गेले. बाबा म्हणाले, ‘तुम्ही दोघी जा. मला आता गाणं ऐकवत नाही.’

मला वाटलं, कानाचं मशीन आहे ना, मग काय अडचण आहे? तेव्हा त्यांनी पहिल्यांदा नीट सांगितलं. मशीन लावून तानपुरा ऐकला की तो थरथरतो आणि मग नाहीसाच होतो. मी इंजिनिअर, मला हे आधी सुचायला हवं होतं. मशीन बोलणं ऐकू यावं म्हणून बनवलेलं असतं. एका उंचीवर सतत चालणारा आवाज म्हणजे पंख्याची घरघर, नाहीतर मशीनची स्वतःचीच शिट्टी, असं समजून ते तो दाबायला बघतं. तानपुऱ्याचं कामच मुळी सतत एका जागी राहण्याचं. ज्याच्या आधाराने गाणं उभं राहतं, नेमकं तेच त्या यंत्राला कचरा वाटत होतं. आम्ही ऑडिओलॉजिस्टकडे तीन फेऱ्या मारल्या. त्यांनी ती दाबादाबी बंद करून संगीतासाठी वेगळा प्रोग्राम बसवून दिला. घरी बाबांनी तानपुऱ्याचं ॲप लावलं, बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, ‘तिकिटं बघ.’

आम्ही गेलो. आई, बाबा, मी आणि माझी मुलगी. बाबांचे गुडघे आता भारतीय बैठकीला तयार नाहीत, म्हणून खुर्च्या घेतल्या. तीन वर्षांनी भेटणारे लोक एकमेकांकडे बघून आधी हसत होते, मग ‘कोण कोण गेलं’ ते सांगत होते. मंचावरचेही गेलेच होते. पंडित जसराज २०२० मध्ये, पंडित शिवकुमार शर्मा २०२२ च्या मे महिन्यात.

एक तरुण गायिका गायला बसली. तानपुरे जुळले. मी गाणं सोडून बाबांकडेच बघत होते. तानपुरा येत होता. तान वर गेली की आवाज फाटत होता, ते त्यांच्या कपाळावर दिसत होतं. थोड्या वेळाने त्यांनी मला कोपराने ढोसलं आणि विचारलं, ‘काय राग आहे गं?’

तीस वर्षं मी त्यांना विचारत आले होते. आता ते मला विचारत होते, आणि मला येत नव्हतं. मी अंदाजाने मोबाइलवर मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘मारवा’. शेजारच्या खुर्चीवरचे अनोळखी काका वाकून म्हणाले, ‘ताई, पूरिया आहे.’ मी खोडून लिहिलं. बाबांनी दोन्ही वाचलं आणि मोठ्याने हसले. पुढच्या रांगेने वळून बघितलं. ‘सगळे तिथेच फसतात,’ ते म्हणाले, ‘सूर तेच, चालणं वेगळं.’ मग त्यांनी मशीनचा आवाज कमी केला आणि मांडीवर ताल धरला. सम एकदाही चुकली नाही.

शेवटच्या दिवशी नव्वद वर्षांच्या प्रभाताई अत्रे गायल्या. २०२४ च्या जानेवारीत त्याही गेल्या. मी ‘पुढच्या वर्षी’ म्हटलं असतं तर? महोत्सवाच्या शेवटी सवाई गंधर्वांच्या भैरवीची जुनी ध्वनिमुद्रिका लावतात. तिची खरखर बाबांच्या मशीनला झेपणारी नव्हती. त्यांनी ते काढून खिशात ठेवलं आणि डोळे मिटून बसले. ती भैरवी त्यांना पाठ आहे.

आमच्या धंद्यात एखादी यंत्रणा बंद पडली की बॅकअप लावतात आणि सगळं होतं तसं परत येतं. माझी तशीच अपेक्षा होती, महोत्सवाकडूनही आणि बाबांकडूनही. तसं झालं नाही. रमणबाग आली नाही, रात्र आली नाही, बाबांचे कान आले नाहीत. तरी आम्ही जाऊन बसलो आणि सवाई झाला.

आज आपलंही तेच आहे. सकाळपासून कुणीतरी म्हणतंच आहे, ‘आता ती शाळा राहिली नाही.’ नाहीच राहिली. आपण तरी कुठे ते राहिलो? पण तीस वर्षांनी भेटून पुन्हा ‘बघू या पुढच्या वर्षी’ म्हणून पांगू नका, एवढीच विनंती. येत्या डिसेंबरात मी बाबांना घेऊन मुकुंदनगरला जाणार आहे. दशम्या मी आणते. सिंगापूरच्या बाईंनी सुट्टी काढावी. आणि बाई, तुम्ही माझ्या शेजारी बसा. मारवा आणि पूरियातला फरक मला अजून कळलेला नाही.