नावेवरची नावे

श्रोतेहो, कार्यक्रमपत्रिकेत माझ्या भाषणाचा विषय ‘एका जुन्या जहाजाची भेट’ असा छापला आहे, आणि जहाजाविषयी मी बोलणारच आहे; परंतु हाताशी मिनिटे मोजकी असल्यामुळे मनातील मुख्य गोष्ट आरंभीच सांगून टाकतो. एखादे ऐतिहासिक जहाज पाहण्याचा योग आला, तर कप्तानाच्या दालनात रेंगाळू नका. खाली उतरा, खलाशी जेथे निजत असत तेथे थोडा वेळ उभे राहा, आणि या माणसांची नावे काय होती, असे विचारा. त्यांची नावे शिल्लक आहेत. हीच गोष्ट पुढे मी आणखी एकदोनदा सांगेन, कारण नेमकी हीच ऐकून विसरली जाते.

ॲमस्टरडॅम नगरीत, १६५६ साली नौदलाचे कोठार म्हणून बांधलेल्या आणि आता सागरी संग्रहालय झालेल्या एका चौसोपी इमारतीशेजारी एक शिडाचे जहाज बांधून ठेवलेले आहे, त्याचेही नाव ‘ॲमस्टरडॅम’. मूळ जहाज डच ईस्ट इंडिया कंपनीच्या गोदीत १७४८ साली तयार झाले आणि पहिल्याच सफरीवर, जानेवारी १७४९ मध्ये, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर हेस्टिंग्जजवळ रुतले. ते आजही तेथेच चिखलात आहे, आणि मोठ्या ओहोटीच्या वेळी त्याच्या लाकडी फासळ्यांची टोके वर दिसतात. संग्रहालयापाशी आहे ती त्याची प्रतिकृती, १९८५ ते १९९० या काळात शेकडो स्वयंसेवकांनी राबून उभी केलेली, सुमारे ४८ मीटर लांबीची.

हीच ती डच कंपनी, जिची वखार आपल्या वेंगुर्ल्यास होती, जिने तेथे तळ ठेवून गोव्याच्या पोर्तुगीजांची नाकेबंदी केली, आणि जिच्या त्या वखारीच्या पडक्या भिंती वेंगुर्लेकरांनी लहानपणापासून पाहिल्या आहेत. म्हणून या जहाजावर पाय ठेवताना मला ते अगदीच परके वाटले नाही.

जहाजाची मागची बाजू रंगविलेली, कोरीव मूर्तींनी नटलेली आहे. तिच्यामागे कप्तानाचे दालन, खिडक्यांतून पाण्याची तिरीप छतावर नाचते आहे, मेज मांडलेले आहे. मी गेलो त्या दिवशी सारी गर्दी तेथे होती. नंतर सारी गर्दी तोफांपाशी होती. आणि खालच्या मजल्यावर, जेथे तुळया इतक्या ठेंगण्या की मध्यम उंचीच्या माणसालाही मान वाकवून चालावे लागते, तेथे मी आणि एक लहान मुलगी, असे दोघेच होतो. ती टांगलेल्या झोळीला झोके देत होती. लाकडाचा आणि डांबरलेल्या दोराचा वास तेथे कोंडून राहिलेला असतो. तो आज सुखद वाटतो, कारण आज त्यात दुसरे काही मिसळलेले नाही. या मूळ जहाजावर ३३० हून अधिक माणसे होती. ओले कपडे, कोंडलेले श्वास, आजाऱ्यांचे अंथरूण आणि वादळात बंद ठेवलेली झडपे या सर्वांसह बटाव्हियापर्यंतच्या, म्हणजे आजच्या जकार्तापर्यंतच्या, आठ महिन्यांच्या प्रवासाची कल्पना करा, म्हणजे त्या वासाचा उरलेला भाग आपोआप ध्यानात येईल.

सात जणांचा एक गट असे, आणि त्या सातांचे जेवण एकाच लाकडी काठवटीत येत असे. सकाळी बार्लीची पेज, नंतर वाटाणे, खारवलेले मांस वा मासळी, आणि दगडासारखी बिस्किटे. मला ती काठवट हातात धरावयास मिळाली. परातीएवढी, साधी, कडा झिजू नयेत म्हणून जाड ठेवलेल्या. सात माणसे एका भांड्याभोवती बसली की त्यांत हळूहळू खाणारा कोण, आधी उठणारा कोण, आजारी कोण आणि त्याचा वाटा राखून ठेवणारा कोण, हे आठ दिवसांत कळते. घर म्हणजे दुसरे काय असते? आणि मग एके दिवशी त्या भांड्याभोवती सहाच जण बसत. हिरड्या सुजून दात हलू लागत, जुन्या जखमा पुन्हा उघडत. ताज्या भाजीफळांवाचून जडणारा तो स्कर्व्हीचा विकार. जेम्स लिंड नावाच्या स्कॉटिश शल्यवैद्याने १७४७ साली, म्हणजे हे जहाज पाण्यात उतरण्याच्या आदल्याच वर्षी, बारा आजारी खलाशांवर प्रयोग करून संत्री-लिंबांचा गुण दाखवून दिला होता. पण त्याच्या स्वतःच्या ब्रिटिश नौदलातसुद्धा लिंबाचा रस सररास देण्यास १७९५ साल उजाडावे लागले. ज्ञान झाले म्हणजे ते माणसापर्यंत पोहोचले असे होत नाही. हा एक स्वतंत्रच विषय आहे, तो आज बाजूस ठेवतो.

आता नावांकडे वळतो. आमच्या लहानपणी गावच्या वाण्याच्या गादीवर लाल खारव्यात बांधलेली एक लांबट वही असे. तीत गावातील प्रत्येक कुळाचे पान असे, एका बाजूस जमा आणि दुसऱ्या बाजूस नावे. गड्याचा संसार मांडला जाण्याच्या आधीच त्याच्या पानावर नावेची बाजू भरलेली असे. लग्नासाठी उचललेली तसलमात, बापाची राहिलेली बाकी, लुगडे, मीठ, तेल. पुढे तो जन्मभर राबून जमेची बाजू भरीत जाई. वाण्याने ती वही मायेपोटी लिहिली नव्हती हे खरेच. परंतु त्या गावात त्या साली कोण कोण नांदत होते, कोणाचा मुलगा मुंबईस गेला आणि कोणत्या महिन्यात त्याचे पैसे येण्याचे थांबले, हे कोणत्याही बखरीत सापडणार नाही. ते त्या वहीत सापडते. बखर सरदारांची असते; वहीत मात्र सारा गाव असतो.

डच कंपनीच्या दप्तरात नेमकी अशीच वही आहे. जहाजागणिक एक खतावणी, आणि तीत चढणाऱ्या प्रत्येक माणसास स्वतःचे पान, मग तो कप्तान असो की भांडी घासणारा पोर्‍या. नाव, मूळ गाव, हुद्दा, दरमहाचा मुशाहिरा. साध्या खलाशाचा तो दहा गुल्डनच्या आसपास असे. आणि पहिली नोंद बहुधा कर्जाचीच. खेड्यांतून, परमुलखांतून नोकरीच्या आशेने आलेल्या पोरांना ॲमस्टरडॅममधील काही घरमालक जेवूखाऊ घालीत, पेटी आणि कपडे घेऊन देत, आणि त्याबदली दीडशे गुल्डनांपर्यंतचा रोखा लिहून घेत, जो कंपनीने त्या पोराच्या पगारातून फेडावयाचा. म्हणजे वर्षाहून अधिक काळचे वेतन समुद्र दिसण्यापूर्वीच संपलेले. हे रोखे पुढे बाजारात विकले जात, आणि तो धंदा करणाऱ्यांस लोक ‘आत्मे विकणारे’ म्हणत.

परंतु त्याच पानावर दुसरीही एक नोंद सापडते. घरी बायको, मुले किंवा आईबाप असतील त्यांना वर्षाकाठी तीन महिन्यांपर्यंतचा पगार परस्पर मिळावा, अशी चिठ्ठी खलाशास करून देता येत असे. मुंबईहून येणाऱ्या मनीऑर्डरीची वाट पाहत ज्या कोकणातील पिढ्यान् पिढ्यांनी दिवस काढले, त्यांना या नोंदीचे मोल मी समजावून सांगण्याची गरज नाही. आणि शेवटी पान मिटावयाचे ते एका शब्दाने: परत आला, पळाला, किंवा मरण पावला. मरण पावल्यास प्रेत पाण्यात सोडीत, त्याची पेटी डोलकाठीपाशी उघडून सदरे, सुरी, चिलीम यांचा लिलाव होई, आणि आलेली रक्कम त्याच्या खाती जमा होई. त्याची सुरी विकत घेणारा बहुधा त्याच्याच भांड्यातून जेवणारा असेल. मेलेल्या माणसाच्या पानावरील ही अखेरची जमा मला त्या सोनेरी शिल्पांपेक्षा शतपटींनी मोलाची वाटते.

१६०२ पासून पुढे सुमारे दोन शतके या कंपनीच्या जहाजांवरून जवळजवळ दहा लाख माणसे पूर्वेकडे निघाली. युरोपास परतली ती त्यांच्या एकतृतीयांशाच्या आसपास. अठराव्या शतकातील खतावण्या हेगच्या राष्ट्रीय दप्तरखान्यात आहेत, आणि त्यांतील लाखो नोंदी आता कोणासही शोधता येतात. म्हणून मी पुन्हा सांगतो: त्यांची नावे शिल्लक आहेत. ‘अनाम खलाशी’ असे आपण मोठ्या सहृदयतेने म्हणतो, तेव्हा आपण त्यांना अनाम ठरवितो. विचारण्याचे कष्ट आपण घेतलेले नसतात.

आता या ‘ॲमस्टरडॅम’चेच पाहा. त्याच्या कप्तानाचे नाव विलेम क्लुम्प, हे सर्वांना ठाऊक आहे. वादळात सुकाणू गेले, साथीने पन्नासाच्या आसपास माणसे आधीच दगावली होती, चाळीसएक आजारी पडलेली, आणि उरलेल्या खलाशांनी बंड करून जहाज किनाऱ्यास लावण्याचा आग्रह धरला, मद्याची पिंपे फोडली. यावर पुष्कळांनी बेशिस्तीचा शिक्का मारून पान उलटले आहे. मला हे पटत नाही. ज्या माणसांनी तीन आठवड्यांत इतके सोबती पाण्यात सोडले, ज्यांना समोर किनारा दिसत होता आणि खाली न चालणारे जहाज होते, त्यांच्या त्या दिवसाचा न्याय करण्याआधी निदान त्या ठेंगण्या तुळयांखाली जाऊन घटकाभर उभे राहावे. कंपनीच्या चांदीच्या बहुतेक पेट्या सुरक्षित बाहेर काढण्यात आल्या, ही गोष्ट मात्र प्रत्येक वृत्तांतात अगत्याने नमूद आहे.

आपल्याकडे तर… काचेपलीकडून मला खूण होत आहे, तेव्हा हे थोडक्यात आटोपतो. आपल्याकडे आंग्र्यांच्या आरमाराचे आपण पोवाडे गातो, आणि ते गावेत; परंतु त्या गलबतांवरचे तांडेल, सुकाणू धरणारे, डोलकाठीवर चढून शीड आवळणारे यांच्याविषयी आपण काय सांगू शकतो? आणि फार मागे जाण्याचेही कारण नाही. रत्नागिरीकडची पुष्कळ माणसे पुढे विलायती कंपन्यांच्या आगबोटींवर गेली. सारंग, तांडेल, आगवाले, भंडारी. त्यांच्या नोकरीची पुस्तके कोकणातील घरांच्या फडताळांत, ट्रंकांच्या तळाशी अजून असतील, आणि दर पावसाळ्यात वाळवी त्यांतील एखादे…

वेळ संपला. श्रोतेहो, तुमच्या घरातील आजोबा, पणजोबा, मामा, कोणीही गलबतावर वा बोटीवर असेल, तर त्यांचे पूर्ण नाव, त्यांचे गाव, बोटीचे नाव, आणि चढल्या-उतरल्याचे साल, एवढ्या चार गोष्टी घरातील वडीलधाऱ्यांना विचारून आज रात्री निजण्यापूर्वी एका कागदावर लिहून ठेवा.