बेगड, तेरडा आणि टॉड्री

(इब्रामपूर येथे गणेशोत्सवात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



गणपतीपुढे इंग्रजी शब्दांवर बोलायचं म्हटल्यावर काहींच्या कपाळाला आठी पडली असेल. पण आपला देव विद्येचा, आणि विद्येला भाषेचा विटाळ नसतो. शिवाय आज आणलेले शब्द सणासुदीच्या अगदी जवळचे आहेत. वरवर चमकणाऱ्या, आतून पोकळ असणाऱ्या किंवा चार दिवसच टिकणाऱ्या गोष्टींना इंग्रजीत काय म्हणतात, ते पाहू.

पहिला शब्द टॉड्री. भडक, स्वस्त आणि हलक्या प्रतीच्या नटव्या वस्तूला टॉड्री म्हणतात. सातव्या शतकात इंग्लंडमध्ये एथेलड्रेडा नावाची राणी होती. राजवैभव सोडून तिने ६७३ साली ईली येथे मठ स्थापन केला. लोक तिला सेंट ऑड्री म्हणू लागले. गळ्याला गाठ होऊन ६७९ साली ती वारली. तरुणपणी गळ्यात दागिने मिरवले त्याचंच हे फळ, असं ती म्हणत असे, अशी कथा आहे. पुढे तिच्या नावाच्या जत्रेत गळ्यात बांधायच्या रेशमी फिती विकायला येऊ लागल्या. ‘सेंट ऑड्री’ भरभर म्हणताना सेंटमधला ‘ट’ पुढच्या शब्दाला चिकटला आणि झालं टॉड्री. माल हलका होत गेला, तसा शब्दही हलका झाला. जिने दागिने टाकले, तिचंच नाव नकली नटण्याला चिकटलं!

दुसरा शब्द पिंचबेक. ख्रिस्तोफर पिंचबेक हे लंडनचे घड्याळजी, १७३२ साली वारले. तांबं आणि जस्त मिसळून त्यांनी सोन्यासारखा दिसणारा धातू तयार केला. पुढे त्यांचं आडनावच ‘नकली’ या अर्थाने वापरात आलं. आपण म्हणतो, ‘त्याचं पितळ उघडं पडलं.’ पितळ म्हणजेही तांबं आणि जस्तच. धातू तोच, अनुभव तोच, फक्त भाषा दोन.

तिसरा टिन्सेल. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ ठिणगी. आपल्याकडे त्याचा सख्खा भाऊ म्हणजे बेगड, आणि त्यावरून आलेला बेगडी.

चौथा ‘फ्लॅश इन द पॅन’. हा पॅन स्वयंपाकघरातला नव्हे बरं का! जुन्या ठासणीच्या बंदुकीला बाहेरून एक छोटी वाटी असे. तीत चिमूटभर रंजक घालत. कधी कधी तेवढंच भुर्रकन पेटे आणि आतली दारू थंडच राही. उजेड झाला, धूर झाला, गोळी काही सुटली नाही. आपला फुसका बार याच घराण्यातला.

पाचवा ‘नाइन डेज वंडर’. आपले ‘नव्याचे नऊ दिवस’ इंग्रजांनाही ठाऊक होते. शेक्सपिअरच्या नाटक मंडळीतला विनोदी नट विल केम्प १६०० साली लंडनहून नॉरिचपर्यंत नाचत गेला. नाचण्याचे दिवस भरले नऊ. त्यावर त्याने पुस्तक लिहिलं आणि नावही हेच दिलं.

शेवटचा इफेमेरल. ग्रीक भाषेतला अर्थ सरळ आहे: एका दिवसापुरता. आपल्या पायवाटेवर सध्या फुललेला तेरडा आठवा. तेरड्याचा रंग तीन दिवस.

आता हे शब्द निवडून पाहूया. टॉड्री, पिंचबेक, टिन्सेल यांच्यात दोष आहे: जे नाही ते असल्याचा आव. फ्लॅश इन द पॅनमध्ये दोष आहे: गाजावाजा मोठा, काम शून्य. पण इफेमेरलमध्ये दोष कुठे आहे? त्या शब्दात फक्त आयुष्य मोजलेलं आहे, लायकी नव्हे. आपण मात्र बोलता बोलता दोन्ही एकाच टोपलीत टाकतो. ‘दोन दिवसांचं तर आहे, त्यात काय एवढं?’ हे वाक्य आपल्या घराघरात ऐकू येतं. माझं भांडण आहे ते या वाक्याशी.

आपल्या पेडण्याचं दशावतारी नाटक घ्या. जत्रेच्या रात्री राजाच्या मुकुटावर असते ती बेगडच. पण तिथे कोणी कोणाला फसवत नाही. बेगड आहे हे नटाला ठाऊक, बघणाऱ्यालाही ठाऊक. ‘रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा’ ही म्हण आपल्याच मुलखातली. पहाटेपर्यंत तो राजा असतो, आणि खरोखर असतो. चमक आहे, आयुष्य एका रात्रीचं आहे, तरी ते बेगडी नाही.

आणि चवथीची माटोळी? देवाच्या डोक्यावरची ती लाकडी चौकट. तीत नारळ, काकडी, चिबूड, सुपारीचे घोस आणि रानातून आणलेली हरणं, कांगण्या, कवंडळं, नरमाची फळं. विसर्जनापर्यंत निम्मं सुकून जातं. दीड दिवसाच्या गणपतीसाठी माणसं पावसात रान धुंडाळतात. इंग्रजीत तिला इफेमेरल म्हणा, टॉड्री म्हणू नका.

उलट बाजू पाहा. प्लास्टर ऑफ पॅरिसची रंगवलेली मूर्ती चकचकीत दिसते, पण चिकणमातीसारखी विरघळत नाही, महिनोन्‌महिने पाण्यात पडून राहते. थर्मोकोलचं मखर तर आपल्यामागेही उरेल. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत प्लास्टरच्या मूर्तींना मनाई केली. सजावटीच्या थर्मोकोलवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आली. म्हणजे उथळ गोष्ट लवकर जाते हा आपला समज खोटा. जी जायला हवी ती जात नाही, हीच तिची खोट.

आता बाजारात प्लास्टिकची फळं मिळतात. ‘दर वर्षी तीच लावता येतात, रानात कोण जाणार?’ असं म्हणणाऱ्यांची अडचण मला समजते. मुलं नोकरीला म्हापशाला, पणजीला, मुंबईला. घरात म्हातारी माणसं. त्यांना नावं ठेवायला मी उभा नाही. पण जातं काय, ते पाहा. कांगणी कुठल्या झाडावर चढते, हरणं कुठल्या बांधावर मिळतात, कवंडळाची वेल कशी ओळखायची, हे आपण पुस्तकातून शिकलो नाही. दर वर्षी माटोळी सुकली, म्हणून दर वर्षी कोणीतरी रानात गेलं आणि सोबत एक पोर गेलं. फळं टिकली नाहीत म्हणूनच नावं टिकली. प्लास्टिकची फळं माळ्यावर वीस वर्षं राहतील, पण त्या वीस वर्षांत नातवाला एकही वेल दाखवायचं कारण उरणार नाही.

इंग्रजी शब्दांनी मला हेच शिकवलं. ऑड्रीच्या फिती कधीच विरल्या, पिंचबेकची घड्याळं संग्रहालयांत गेली, पण शब्द राहिले. कारण माणसांनी ते वापरले. आपले शब्दही वापरले तरच राहतील.

म्हणून एवढंच सांगणं. घरी गेल्यावर मुलांना माटोळीखाली उभं करा आणि टांगलेल्या प्रत्येक वस्तूचं नाव विचारा. आलं नाही तर सांगा. तुम्हालाही आलं नाही, तर शेजारच्या आजीला विचारा. तिला विचारलेलं आवडेल. आणि पुढच्या वर्षी रानात जाताना एका मुलाला सोबत घ्या. प्लास्टिकची फळं लावायचीच असतील तर लावा, पण त्यांच्यामध्ये एक तरी कांगणीचा घोस खरा असू द्या.

गणपती बाप्पा मोरया!